अकरा सेकंद अडलेल्या लग्नाची नोंद होणेबाबत

प्रति,
मा. विवाह निबंधक साहेब,
डोंगरबाग क्षेत्रीय कार्यालय,
तिसरा मजला, पुणे.

अर्जदार : दशरथ कोंडीराम पायगुडे, वय ६३, सेवानिवृत्त मुख्य लिपिक, राहणार वारजे, पुणे.

विषय : अर्जदाराची कन्या भाग्यश्री व जावई केयूर इंगोले यांच्या विवाह नोंदणीच्या अर्जात ‘पुरोहिताची सही’ या रकान्यात वधूपित्याची सही ग्राह्य धरणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे त्रुटीपत्र, दि. ११ मार्च २०२५ (एकूण त्रुटी चार).

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय कळवितो की, त्याने चौतीस वर्षे सरकारी नोकरीत इतरांच्या अर्जांवर त्रुटी काढण्याचेच काम केले आहे. त्यामुळे चांगली त्रुटी कशी असते हे त्यास कळते, आणि आपल्या कार्यालयाने काढलेल्या चारही त्रुटी उत्तम प्रतीच्या आहेत हे तो प्रथम मान्य करतो. त्याचे दुःख वेगळे आहे. या लग्नाला दोनशे दहा माणसे जेवून गेली, नवरानवरी अर्जदाराच्याच घरी राहत आहेत, आणि तरीही कागदोपत्री लग्न झालेले नाही. हे कसे झाले ते सांगितल्याशिवाय विषय ध्यानात येणार नाही, म्हणून सांगणे भाग आहे.

१) अर्जदाराची कन्या भाग्यश्री ही भाषा आणि संगीत ऐकताना माणसाच्या मेंदूत काय घडते याचे संशोधन करते. केयूर त्याच प्रयोगशाळेत आहे. तो लोकांच्या डोक्यावर तारांची टोपी घालून मेंदूचे आलेख काढतो, आणि दोघांची पहिली ओळख भाग्यश्रीच्या डोक्याला तारा लावतानाच झाली. आपले नेमके काम काय, असे अर्जदाराने एकदा विचारले असता कन्या म्हणाली, “बाबा, गाणं कुठे संपणार हे मेंदूला आधीच कळतं. ते कसं कळतं ते मी बघते.” त्यावर अर्जदार म्हणाला, “ते मलाही कळतं. त्याचे पगार देतात का?” हे बोलणे अर्जदारास आज शोभत नाही, परंतु झाले ते झाले. सात वर्षांत तिने सात परिषदांमध्ये निबंध वाचले. सातही वेळा बोलावले. अर्जदार सातही वेळा गेला नाही. कधी गुडघा, कधी गॅसचा सिलिंडर यायचा होता, एकदा तर नुसताच कंटाळा होता.

२) लग्न दि. १६ फेब्रुवारी २०२५ रोजी, दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांच्या मुहूर्तावर, वारज्यातील एका मंगल कार्यालयात ठरले. ‘मेंदू, भाषा आणि संगीत’ या विषयावरील तीन दिवसांची परिषदही त्याच आठवड्यात होती. परंतु संस्थेच्या सभागृहाचे छत ऐन वेळी गळू लागल्याने मधला दिवस, म्हणजे लग्नाचाच दिवस, उघड्यावर पडला. कन्येने विचारले, “बाबा, कार्यालयाचा वरचा मजला रिकामाच आहे ना?” अर्जदार हो म्हणाला. खाली लग्न आणि वर परिषद, मध्ये एक जिना. जिन्याला दार असते तर पुढचे काहीच घडले नसते.

३) त्याच वेळी कन्येने अर्जदारापुढे सात पानी संमतीपत्र ठेवले. वाचल्याशिवाय सही नाही, ही अर्जदाराची कार्यालयात ख्याती होती. याच एका गुणापायी लोक त्याच्या टेबलाकडे यायचे टाळत. परंतु त्या दिवशी पंगतीला मठ्ठा की ताक या प्रश्नावर आचाऱ्याशी वाद चालू होता, आणि एका हाताने आचाऱ्याला थोपवत दुसऱ्या हाताने अर्जदाराने सातही पानांवर सही केली. कलम ४ मध्ये स्पष्ट लिहिले होते की, मंगलाष्टके चालू असताना पाच व्यक्तींच्या मेंदूचे आलेख काढले जातील, आणि शेवटचे ‘सावधान’ पाच सेकंद मुद्दाम रोखून धरले जाईल. अपेक्षित शब्द आला नाही तर मेंदू काय करतो, हे त्यातून बघायचे होते. मठ्ठा ठरला.

४) लग्नाच्या दिवशी सकाळी दहापासून जिन्यावरची रहदारी हाताबाहेर गेली. वर वातानुकूलन आहे हे कळताच वर्ध्याहून आलेली वरपक्षाची वडीलधारी मंडळी ‘बोलीभाषांतील सूर’ या व्याख्यानाला जाऊन बसली. व्याख्यान संपल्यावर त्यांनी वक्त्यास टॉवेल-टोपीचा आहेर केला व नारळ हातात दिला. उलटपक्षी, हैदराबादहून आलेले एक वयस्कर प्राध्यापक स्वच्छतागृह शोधत खाली आले असता त्यांना वराचे मामा समजून कुंकू लावण्यात आले. ते गृहस्थ इतके भले की, शेवटपर्यंत मामाच राहिले. नवऱ्याच्या पाठीशी उभे राहिले, खरे मामा येऊनही हलले नाहीत.

वराच्या आत्या सुशीलाबाई यांनी मंगलाष्टके स्वतः रचली होती. एकूण आठ कडवी, त्यांत दोन्हीकडच्या चौसष्ट नातेवाइकांची नावे, आणि एक कडवे खास समृद्धी महामार्गावर, कारण वऱ्हाड त्यावरून आले. त्यांचा आवाज ऐकून परिषदेच्या लोकांनी त्यांच्या गळ्यात ‘वक्त्या’ असे लिहिलेली फीत घातली. ती फीत त्यांनी आजतागायत काढलेली नाही.

टोप्या चौघांना मिळाल्या : वधू, वर, सुशीलाबाई आणि अर्जदार. मुंडावळ्या टोपीवरूनच बांधल्या. पाचवी टोपी अनिरुद्ध गुरुजींसाठी होती. टोपीखाली चिकट द्रव लावतात हे पाहून गुरुजी म्हणाले, “शेंडीला गोंद लावून घ्यायला मी पाकीट नाही.” आणि विषय संपला. मात्र प्रयोगातील त्यांची भूमिका त्यांनी मान्य केली होती. सुशीलाबाई ‘शुभमंगल’ म्हणून थांबणार, पाच सेकंदांनी खांबावरचा हिरवा दिवा लागणार, आणि दिवा लागताच गुरुजी ‘सावधान’ म्हणणार, असे ठरले होते.

५) आता मुख्य घटना. आठवे कडवे संपले. सुशीलाबाईंनी ‘शुभमंगल’ हा शब्द असा उंच नेला की, मांडवातले दोनशे दहा हात अक्षतांसह वर गेले, आणि त्या गप्प झाल्या. बाहेर बँडवाल्याने झांजा उचलून धरल्या होत्या. आचारी झारा हातात घेऊन दारात आला होता. अंतरपाट तसाच. एक सेकंद, दोन, पाच. दिवा लागला नाही. त्याचे कारण मागाहून कळले. दिव्याचे बटण ज्या संशोधकाकडे होते ते स्वतःच अक्षता मुठीत घेऊन ‘सावधान’ची वाट बघत उभे होते. प्रयोग त्यांच्यावरही झाला.

मुहूर्त टळायला आला होता. गुरुजी दिव्याकडे बघत होते, सगळा मांडव गुरुजींकडे. अर्जदार खोटे सांगणार नाही. त्यातले पहिले पाच सेकंद त्यास फार बरे वाटले. अंतरपाट आहे तोवर मुलगी आपली आहे, तो असाच राहिला तर राहू दे, असे त्याच्या मनात आले. मग आठव्या का नवव्या सेकंदाला भाग्यश्रीने अंतरपाटाच्या कडेने मान काढून बघितले. दिव्याकडे नाही, केयूरकडे नाही, अर्जदाराकडे. डोक्यावर बत्तीस तारा, कपाळावर मुंडावळ्या, आणि चेहरा पहिलीच्या वर्गात सोडून येताना होता तसा. सात परिषदांमध्ये ती जे सांगत होती ते अर्जदारास त्या क्षणी एकदम समजले. वाट बघितलेला शब्द कोणी म्हटला नाही, तर तो आपल्याला म्हणावा लागतो.

अर्जदार आयुष्यात गायलेला नाही. शाळेत राष्ट्रगीतालाही तो नुसते ओठ हलवत असे. त्या दिवशी मात्र तो सर्व ताकदीनिशी, आणि जाणकारांच्या मते अगदी बरोबर सुरात, “सावधान” असे ओरडला. अक्षता पडल्या, झांजा वाजल्या, अंतरपाट खाली आला, हैदराबादचे मामा हुंदके देऊन रडले. घड्याळात १२ वाजून ३७ मिनिटे व ५१ सेकंद झाले होते.

६) येथून आपल्या त्रुटींकडे वळतो. त्रुटी पहिली, ‘फोटोत वधू व वर ओळखू येत नाहीत.’ मान्य. खिडकीवरील पायल मॅडम यांनीही फोटो उलटासुलटा करून, “काका, यात नवरा कोणता? आणि हे दवाखान्यात लग्न झालं का?” असे विचारले होते. सर्व फोटो टोप्यांसहितच आहेत, कारण तो चिकट द्रव वाळल्याने टोप्या संध्याकाळपर्यंत निघाल्या नाहीत. त्रुटी दुसरी, ‘निमंत्रण पत्रिकेऐवजी परिषदेची कार्यक्रमपत्रिका जोडली आहे.’ मान्य. परंतु तीत सत्र तिसरे, ‘विवाह (प्रत्यक्ष)’, असे छापलेले आहे. त्रुटी तिसरी, ‘साक्षीदाराने नात्याच्या रकान्यात निरीक्षक असे लिहिले आहे.’ ते हैदराबादचे मामा. त्यांनी आता खाडाखोड करून ‘मामा’ असे लिहून दिले आहे.

चौथी त्रुटी हीच खरी अडचण. पुरोहिताची सही नाही. अर्जदार गुरुजींकडे पाच वेळा जाऊन आला. गुरुजींचे म्हणणे असे, “दिवा लागल्यावर बोलायचं ठरलं होतं. दिवा लागला नाही, मी बोललो नाही. सप्तपदी मी केली, त्याची म्हणाल तर वेगळी सही देतो. पण तुमच्या फॉर्मवर ‘विवाह लावला’ असं लिहिलंय. लग्न तुम्ही लावलंत, सही तुम्ही करा.” पाचव्या खेपेस त्यांनी चहासुद्धा विचारला नाही.

७) विलंबामुळे होणारे हाल आपल्या निदर्शनास आणतो. संशोधकांच्या वसतिगृहाने, लग्न झालेल्यांना येथे राहता येत नाही म्हणून दोघांच्या खोल्या काढून घेतल्या. विवाहितांच्या निवासस्थानाने, दाखल्याशिवाय लग्न झाले असे मानता येत नाही म्हणून खोली दिली नाही. एकाच आवारात, एकाच भिंतीच्या अलीकडे हे जोडपे विवाहित व पलीकडे अविवाहित आहे. राखून ठेवलेली खोली ३० जूनपर्यंत दाखला न दिल्यास पुढच्या जोडप्याला जाणार आहे. तोवर दोघे अर्जदाराच्या दोन खोल्यांत आहेत.

आणि सुशीलाबाईही आहेत. नोंद अडल्याचे कळताच त्यांनी वर्ध्याचे तिकीट फाडले. “माह्या मंगलाष्टकानं लगन लागलं नाई म्हनते का थो हापिस? कागद भेटल्याबिगर मी वर्ध्याले जात नाई,” असे त्यांनी जाहीर केले, आणि तेव्हापासून रोज दुपारी त्या अर्जदाराच्या गॅलरीत उभ्या राहून आठही कडवी म्हणतात व ‘शुभमंगल’पाशी थांबतात. शेवटचा शब्द निबंधक साहेब म्हणतील, असे त्यांचे म्हणणे आहे. प्रारंभी सोसायटीने लेखी हरकत घेतली. नंतर मात्र तो न आलेला शब्द लोकांना सोसवेना. पहिल्या आठवड्यात वॉचमन “सावधान” म्हणाला. मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. हल्ली समोरच्या इमारतीतूनही ओरडतात, आणि मागील सोमवारी पार्सल घेऊन आलेल्या इसमाने जिन्यातून म्हटले व सही घ्यायची विसरून गेला. कन्या या सगळ्याची वहीत नोंद ठेवते. पुढील परिषदेतील निबंधासाठी अर्जदाराची सोसायटी निवडली गेली आहे. अर्जदाराची पत्नी सौ. राधा हिने दुपारी कुकर लावणे सोडले आहे, कारण शिट्टी नेमकी त्या जागी होते.

८) सोबत अर्जदाराच्या मेंदूचा आलेख जोडला आहे. त्यावर नाव नसून ‘व्यक्ती क्र. ४’ असे आहे. पहिल्या सेकंदाला एक उंच टोक दिसते, ते न आलेल्या शब्दाचे. ते चौघांच्याही आलेखात आहे. अकराव्या सेकंदाला रेघ कागदाबाहेर जाते, तो अर्जदाराचा आवाज. मधला एक लांबट उंचवटा फक्त अर्जदाराच्या आलेखात आहे. तो कशाचा, असे त्याने कन्येस विचारले. ती त्या उंचवट्यावर बोट ठेवून म्हणाली, “शास्त्राला माहीत नाही, बाबा. मला माहीत आहे.” तेवढ्यावरून नोंद करता येईल असा अर्जदाराचा आग्रह नाही. पण आठव्या परिषदेत ती हा आलेख दाखवणार असून, अर्जदार पहिल्या रांगेत बसणार आहे, हे जाता जाता नमूद करतो.

तरी विनंती अशी की, ‘विवाह लावला’ या शब्दांपुढे अर्जदाराची सही ग्राह्य धरावी. वधूच्या बापाने मुलीचे लग्न स्वतः लावल्याचे पूर्वोदाहरण नसेल, तर हे धरावे. तसे करणे नियमात बसत नसल्यास सर्वांस समक्ष बोलवावे. सुशीलाबाई आपल्या दालनात आठही कडवी म्हणतील (वेळ वीस मिनिटे), ‘शुभमंगल’पाशी थांबतील, आणि पुढे आपणास राहवते का ते पाहावे.

साहेब, त्या दिवशी बाकी सगळ्यांच्या अक्षता पडल्या. अर्जदाराच्या पडल्या नाहीत. ओरडण्याच्या भरात मूठ उघडायची राहून गेली, आणि संध्याकाळी टोपी काढताना ध्यानात आले की, तांदूळ अजून हातातच आहेत. लग्न लागले, पण अर्जदाराच्या मुठीत ते अजून लागायचे आहे.

मूठ मिटून उभा असलेला, आपला आज्ञाधारक,
(सही)
दशरथ कोंडीराम पायगुडे
वारजे, पुणे. दि. ९ जून २०२५

सोबत :
१. परिषदेची कार्यक्रमपत्रिका (सत्र तिसरे अधोरेखित).
२. हैदराबादचे मामा यांचे दुरुस्त साक्षीपत्र.
३. अनिरुद्ध गुरुजी यांचा ना-हरकत दाखला. मजकूर : “हरकत नाही. पुन्हा येऊ नये.”
४. व्यक्ती क्र. ४ चा आलेख.
५. अक्षता, एक पुडी. मूळ प्रत. सत्यप्रत काढता आली नाही. सही झाल्यावर कृपया फाईलवर टाकाव्यात.