कैसचा पुतळा

बसरा
१८ जून २००३

लाडक्या हाझिमला,

बुशराचा सलाम. तुझा निरोप कुवेतच्या ट्रकवाल्याने पोचवला. हे पत्रही त्याच्याच हाती देतेय. टपाल कधी सुरू होईल, अल्लाच जाणे. आम्ही बरे आहोत. वीज येते-जाते. नळाचं पाणी इतकं खारट, की चहा तोंडात धरवत नाही. तुझी खोली शाबूत आहे, फक्त काचा गेल्या.

आईला तुझ्याकडे स्वीडनला पाठव म्हणतोस. त्याचं सांगते, आधी पुतळ्याचं ऐक.

नदीकाठी इराणकडे बोट रोखून उभे असलेले ते सगळे अफसरांचे पुतळे, एप्रिलमध्ये सरकार पडताच, लोकांनी पाडले. आपला भाऊ कैसही. इराणशी झालेल्या फावच्या लढाईतून त्याचं प्रेत आलंच नाही, सरकारने पुतळा तेवढा दिला. नाक त्याचं नव्हतं, खांदे तर नव्हतेच. तरी आई दर शुक्रवारी जायची, अबायाच्या पदराने त्याचे बूट पुसायची आणि घरातलं सगळं त्याला सांगायची. तू फौजेतून पळालास, तेही त्यालाच सांगितलं. आमच्यापाशी एक शब्द नाही.

त्या दिवशी गलका ऐकून ती धावली. मी मागे. कैसच्या गळ्यात दोर अडकवला होता, आणि दोर धरणाऱ्यांत सगळ्यात पुढे माझा नवरा. हो, जलीलच.

"जावईबापू, सोडा तो दोर," आई म्हणाली. एरवी त्याला अरे-तुरे करणारी आपली आई.

"आई, बाजूला व्हा. हा कैस नाही. ज्यांनी माझ्या भावाला फासावर दिलं, त्यांनी उभं केलेलं हे धूड आहे."

"मग माझा कैस कुठंय? दाखवा मला. मी स्वतः दोर ओढते."

जलील रडत होता रे. त्याच्या भावाचीही कबर नाही. एक्याण्णवच्या सरकारविरोधी उठावापासून शोधतोय. पण दोर त्याने सोडला नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हातारे, तुझ्या लेकाला भंगारात चांगला भाव येईल!" लोक हसले, आणि सगळ्यांनी मिळून ओढलं.

आई पुन्हा आमच्या घरी आली नाही. रात्रीपुरती शेजारणीकडे टेकायची, दिवसभर रिकाम्या चौथऱ्यापाशी. मी जेवण नेलं की तोंड फिरवायची. "त्या घरचं अन्न नको."

मेच्या उन्हात ती तिथेच गेली, हाझिम. तुझ्याकडे पाठवायला आई नाही आता. पहिल्याच ओळीत लिहायचं होतं, हात धजला नाही.

शेवटी तिने तुझं नाव घेतलं का, ते विचारू नकोस.

जलीलनेच तिला दफनासाठी नजफला नेलं, खांदा दिला, कबरीत उतरला. परत आला तो उंबऱ्यातच बसला. म्हणाला, "बुशरा, आपल्या घरात एक तरी कबर झाली." मी पाण्याचा पेला पुढे ठेवला. तेव्हापासून आम्ही दोघं बोललेलो नाही.

तू येऊ नकोस. फौजेतून पळालास म्हणून आता इथे कुणी तुला अडवणार नाही, पण आईवाचून दारही कुणी उघडणार नाही.

त्याच घरात, त्याच माणसासाठी रोट्या भाजणारी,
तुझी बहीण
बुशरा