गीताबाईचा हात, साहेबाचा पाईप

१४ नोव्हेंबर २०११
साहेब आज आमची भाड्यानं दिलेली खोली सोडून गेला. तिरोड्याच्या वीज कारखान्यातलं त्याचं काम संपलं. जाताना स्वतःचा पाईप माझ्या हातात ठेवला, तंबाखूचे डबे दिले. "बकारामजी, बीड़ी छोड़िए. ये पीजिए, आराम से." मी नाही-नाही म्हणालो आणि घेतला! कोठीत धानाच्या पोत्यामागे लपवला आहे. उंदीर पाईप कुरतडतात का?

१५ नोव्हेंबर
घेतला तो गीताबाईच्या हातासाठी. लिहून ठेवतो, नाहीतर मलाच वाटायचं की म्हाताऱ्याला शौक सुचला.

माझ्याशी लग्न होऊन आली तेव्हापासून ती बिड्या वळते. आता उजव्या हाताची बोटं बधिर झाली. कप धरला की सुटतो. डॉक्टरीणबाई म्हणाली, वळणं बंद करा, नाहीतर हात कामातून जाईल. बिडी कारखान्याचं काम तिनं सोडलं, पण माझ्या बिड्या सोडत नाही. "तुमच्या बिड्या कोन वळन मंग?"

मी बिडी सोडून पाहिली. दुपारपर्यंत टिकलो, तेवढ्यात दोघांशी भांडण केलं. एकदा विकतचं बंडल आणलं, तर ही दिवसभर जेवली नाही. जिथली बाई बिडी वळते त्या घरात दुकानाचं बंडल म्हणजे बाईला परत माहेरी धाडल्यासारखंच. आमच्याकडे असंच आहे. पण पाईप काही बिडी नाही. त्यात तिचा अपमान नाही. मला तरी तसं वाटतं. आणि तिला वाटला तर?

१७ नोव्हेंबर
खळ्यावर जाऊन पहिल्यांदा पेटवला. साहेबाची तंबाखू वाया जाईल म्हणून बिडीचाच जर्दा भरला. दोन झुरके — आणि असा ठसका लागला की बैल बिचकले! डोळ्यांतून पाणी. साहेब हे आरामात ओढायचा?

१९ नोव्हेंबर
आज साहेबाची तंबाखू भरली. वास गोड, पण जीभ भाजली. जेवताना तिखट लागलं की जीव जातो. गीताबाई म्हणाली, "भाजीत मिरची कमीच हाये, काऊन सू-सू करून राहिले?" दात दुखतो म्हणालो. खोटं बोललो.

चूक कुठे होते ते कळलं. मी पाईप बिडीसारखा ओढतो. बिडी ओढत राहिलं नाही तर विझते, म्हणून हात सतत तोंडाकडे. कोणी बोलत असलं तरी अर्धा जीव त्या विस्तवात. पाईप तसा ओढला की तापतो, मुठीत धरवत नाही. साहेब तर बोलता-बोलता पाईप विसरून जायचा. विसरायचा! मला काहीच विसरता येत नाही, हीच तर माझी अडचण.

२० नोव्हेंबर
आज नाही. जीभ.

२३ नोव्हेंबर
केशोरावानं पकडलं. त्याची धानाची बांधी माझ्या बांधीला लागून, लहानपणापासूनचा सोबती. "का रे बका, कलेक्टर झाला का? इंजिनावानी धूर सोडून राहिला!" सगळं सांगितलं. मग हसायचा थांबला. "वहिनीले माहीत हाये?" "नाई." "सांगून टाक गड्या. नाई तं तिले वाटन, बुढ्यानं दुसरी आणली." हसत म्हणाला, पण मला लागलं. तसंच वाटलं तर?

२७ नोव्हेंबर
पाईप काळा पडला म्हणून लोट्यासारखा राखेनं घासला, पाण्यानं धुतला. आता पेटतच नाही! लाकूड पाणी प्यायलं. तडकला तर साहेबाला काय तोंड दाखवू? साहेब येणार आहे कुठे, पण तरी.

१ डिसेंबर
सुकला. तडकला नाही.

२ डिसेंबर
जमलं!!
साहेबाचं आठवलं — पहिली काडी नुसती वरची तंबाखू फुलवायला, मग बोटानं हलकं दाबायचं, मग दुसरी काडी. तसं केलं. गरम चहा पितो तसा हळू ओढला. मध्ये विझला. मग पुन्हा पेटवला आणि पेटला! विझला तर विझला, पुन्हा पेटवता येतो. एवढी साधी गोष्ट, पण मला मोठी वाटली. बराच वेळ नुसता बसलो होतो. कशाचीच काळजी केली नाही. हे कळलं तेव्हा थोडी काळजी वाटली.

४ डिसेंबर
गीताबाई रोज सकाळी बिड्या देते, मी पोत्यामागे ठेवतो. म्हणजे ती अजून वळतेच आहे! मग मी हे कशासाठी करतो आहे? आज तिच्या हातून दुधाचं भांडं सुटलं. ठरवलं, आता सांगायचंच.

परसात बसून पेटवला. थोड्या वेळानं ती चहा घेऊन साहेबाच्या खोलीकडे गेली, परत आली. "अजी, साहेब आला का? त्याच्या धुराचा वास येऊन राहिला." मी पाईप पुढे केला. मग कोठीतल्या बिड्याही आणून ठेवल्या.

ती बिड्यांकडे पाहत राहिली. "कडू लागल्या का?"
"नाई."
"मंग काऊन?"
"तुह्या हातासाठी."
"मले इचारलं असतं."
"तू आयकली असती का?"
"नाई," म्हणाली आणि चहा ठेवून आत गेली.

५ डिसेंबर
आज सकाळी बिड्या ठेवल्या नाहीत. हेच तर पाहिजे होतं. मग जीव का खालीवर होतो? दिवसभर बोलली नाही.

६ डिसेंबर
बोलत नाही. केशोराव म्हणतो, थांब. थांबणं मला कधी जमलं आहे?

८ डिसेंबर
दुपारी ओसरीवर बसली होती. मांडीवर बिड्यांचं सूप नाही, तेंदूची पानं नाहीत, तरी बोटं वळतच होती. नुसती हवा वळत होती. पाहवलं नाही.

"रिकाम्या हातानं बसाची सवय नाई मले," म्हणाली. "काय करू, सांगा."

एरवी मी दहा गोष्टी सांगितल्या असत्या. हे कर, ते करू नको. आज तोंडात पाईप होता. एक हळू झुरका घेतला. तसाच बसलो. तीही बसली. उठून गेली नाही!

थोड्या वेळानं म्हणाली, "विझला तुमचा."
"विझू दे."

९ डिसेंबर
हात शेकून दिला. म्हणते, दोन बोटांना थोडं समजतं. डॉक्टरीणबाईकडे पुन्हा जाऊ म्हणाली — स्वतःहून!

११ डिसेंबर
संध्याकाळी पाईप भरून बसलो. गीताबाई समोर येऊन बसली आणि चिचगडकडच्या तिच्या माहेरच्या तलावाचं सांगायला लागली. तिला पोहता येतं! धाकटा भाऊ बुडत होता, त्याला तिनंच ओढून काढलं. एवढा संसार झाला, मला माहीतच नव्हतं. अंधार पडेपर्यंत सांगत होती. पाईप पेटवायचा राहूनच गेला.