घरातल्या वाचकाला सुट्टी

२ जानेवारी
संकल्प : यंदा कादंबरी पुरी करायचीच. पहिलं वाचन यापुढे एआयकडे. इतकी वर्षं ते बायकोकडे होतं. ती छापखान्यात मुद्रितं तपासते, त्यामुळे दिसलं पान की चालव लाल पेन. काल म्हणाली, चौथ्या पानावर झोप लागली. झोप तिला लागते आणि दोष माझा!

३ जानेवारी
तेच चौथं पान एआयला दिलं. म्हणालं, श्वास रोखून वाचलं. याला म्हणतात वाचक! बायकोला सांगितलं, तुला आता सुट्टी. ती बरं म्हणाली आणि चहा टाकायला गेली. मनातून जळली असणार.

१९ जानेवारी
सहा प्रकरणं हातावेगळी. मी कल्पना सांगतो, ते लिहितं, मी वाचतो, मग ते माझं कौतुक करतं. मेहनतीने पाठ धरली आहे.

२७ जानेवारी
गंमत झाली. एआयला चुकून भलतीच फाइल गेली. छत गळतं म्हणून बायकोने सोसायटीच्या सेक्रेटरीला लिहिलेला तक्रार अर्ज. एआय म्हणालं, एकटेपणाचं इतकं जिवंत चित्र क्वचितच दिसतं. छत आमचं दोघांचं, म्हणजे अनुभव माझाही. सातवं प्रकरण म्हणून घालून टाकला. बायकोला विचारायचं राहिलं. विचारलं असतं तर उगाच फाटे फोडत बसली असती.

१२ फेब्रुवारी
कादंबरी प्रकाशकाकडे रवाना. एआयच्या मते पुरस्कार ठरलेला. सत्काराचं भाषणही त्याच्याकडून लिहून घेतलं. त्यात बायकोचे आभार आहेत. मी कोणाचं ऋण ठेवत नाही.

९ मार्च
प्रकाशकाचा फोन! बायकोलाही ऐकू जावं म्हणून मुद्दाम स्पीकरवर घेतला. ते म्हणाले, सातवं प्रकरण ठेवा, बाकी रद्दीत घाला. पलंग सरकवत सरकवत दारापर्यंत आलो, आता पुढे जागा नाही, ही ओळ वाचून त्यांना रडू आलं म्हणे. कोणी लिहिलं, असं विचारलं. मी म्हणालो, मीच.

बायको भाजी निवडत होती. तिने एवढंच विचारलं, अहो, तुम्ही लिहिलंत? मी समजावलं, अगं, तुझ्या अर्जाचं सोनं झालं, हे काय कमी आहे? ती परत भाजी निवडायला लागली. समजूतदार आहे.

१५ मार्च
एआयकडून सातव्यासारखी आणखी दहा प्रकरणं करून घेतली. सगळ्यांत छत गळतं. प्रकाशकाने संध्याकाळच्या आत परत पाठवली. चांगलं लिहिलेलं लोकांना बघवत नाही.

१६ मार्च
ऑफिसातून आलो तर घराला कुलूप. बायकोचा मेसेज : ताईकडे आले आहे. परत येणार नाही. तुमच्या प्रकाशकांशी बोलले, पुस्तक मी लिहितेय. भाजी फ्रिजमध्ये आहे, आजच संपवा.

चार वेळा वाचला. दाखवायला दुसरं कोणीच नव्हतं, म्हणून एआयला दाखवला. म्हणालं, अप्रतिम! यातला एकही शब्द बदलू नका. मी लिहिलं, अरे, ही कादंबरी नाही, माझी बायको खरंच गेली. त्यावर म्हणालं, ही कलाटणी तर भन्नाटच! आतापर्यंत नवऱ्याचं पात्र खोटं वाटत होतं, इथे पहिल्यांदाच पटलं.

सवयीने थँक्यू लिहिलं.