तेरा पायऱ्यांची पट्टी

गडचिरोली,
ता. ८ जानेवारी १९५७

चि. सौ. प्रेमिला हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, ही रीत तुझी आई गेल्याने बदलत नाही. चिमूरहून रुखमाआत्या येऊन राहायला तयार आहे. माडीवरच्या खोलीला तुझ्या आईने दिवाळीआधीच चुना देऊन ठेवला होता, तीच तुझी खोली.

राहिला तो जिना. तुझ्या सासूबाईंची धास्ती मला समजते. ज्या जिन्यावरून पडून तुझी आई गेली, त्यावर पोटुशी सून चढवायला कोण धजेल? म्हणून त्यावर गालिच्यासारखी लांब पट्टी अंथरायचे ठरवले आहे. जंगल खात्यात होतो तेव्हा साहेबांच्या बंगल्यात पाहिली होती. पाय घसरत नाही. वरोऱ्याला कोणी विणकर असेल तर पाहा. पायऱ्या तेरा. वरपासून खालपर्यंत फीत ताणली, चौदा फूट भरले. दुसरे टोक आपल्या लटारू गड्याने धरले होते. रुंदी सव्वादोन फूट.

मी बरा आहे. भूक लागते असे नाही, पण वेळ झाली की पाटावर बसतो.

तुझे बाबा

*

वरोरा,
ता. १९ जानेवारी १९५७

तीर्थरूप बाबांस,
प्रेमिलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

इथल्या घनश्याम नावाच्या विणकराकडे मी स्वतः जाऊन आले. लोकरीचा गालिचा नागपूरहून आणावा लागेल, आणि त्याला कसर लागते. काथ्याची पट्टी स्वस्त, पण अनवाणी पायाला टोचते. म्हणून जाड सुताची, सतरंजीच्या विणीची सांगितली. रंगाचे त्याने विचारले तेव्हा मला काही सुचेना. शेवटी मातकट सांगितला, कडेला काळी रेघ. काठाची रेघ दिसली की पाय कुठे टाकायचा ते कळते, असे तो म्हणाला. दर पायरीच्या कोपऱ्यात पितळी सळई बसवून घ्या, नाहीतर पट्टी सरकेल. साहेबांचा थाट झाला की आत्या त्यावर पाय ठेवायलाही लाजेल.

सासूबाईंचे म्हणणे एकच, की पट्टी पुरी अंथरल्याबिगर सुनेले धाडत नाई.

आईच्या तेराव्यालाही पोटुशीने जाऊ नये म्हणून मला धाडले नाही. इथे सगळे म्हणतात, पोर मोठी धीराची. धीर नाही बाबा. मला काही वाटतच नाही.

तुमची प्रेमिला

*

गडचिरोली,
ता. ११ फेब्रुवारी १९५७

चि. सौ. प्रेमिला हिस,
आशीर्वाद.

पट्टी मोटारीने आली. वीण छान आहे. वरून अंथरत आलो, तर नऊ पायऱ्यांवर संपली. खालच्या चार उघड्याच. घनश्यामचा दोष नाही. लटारू म्हणाला की भाऊ, आपण फीत ओंडक्यावानी ताणली, पायऱ्याईचं खाली-वर मोजलंच नाई. तीस वर्षे ओंडके मोजले, हात त्याच वळणाचा झाला. लागणार होती साडेएकोणीस फूट.

आणखी एक सांगायचे आहे. दिवाळीआधी जिन्याला जवसाचे तेल मीच पाजले. सागवानाला ते लागते, ही खात्यातली सवय. दोन दिवस वाळू द्यायचे असते, मी एकच दिला. तुझी आई पणत्यांचे ताट घेऊन उतरत होती. लोकांना मी चक्कर आली असे सांगितले. तुलाही तारेत तेच कळवले.

आता तुला इथे बोलावण्याचे तोंड मला राहिले नाही. बाळंतपण तिथेच होऊ दे. पट्टी गुंडाळून ठेवली आहे.

मनसाराम

*

वरोरा,
ता. १६ फेब्रुवारी १९५७

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

तेलाचे मला दिवाळीपासून माहीत होते. तार आली त्याच्या दुसऱ्या दिवशी आईने आधी टाकलेले पत्र आले. तिने लिहिले होते, तुझ्या बाबानं जिन्याले तेल पाजलं, इतका देखणा झाला का पाय ठेवाले जीव होत नाई. तू आली का दाखवीन. ते पत्र मी कोणाला दाखवले नाही. तुम्ही स्वतः सांगाल म्हणून तीन महिने वाट पाहिली. प्रत्येक पत्रात जेवण, फूट, सळया. मीही तेच लिहीत राहिले.

तुमचे पत्र वाचून काल मी रडले. बऱ्याच वेळाने थांबले, तेव्हा सासूबाई शेजारी बसलेल्या होत्या. त्यांना सगळे सांगितले. मी जाणारच म्हटले. त्या म्हणाल्या, जाय मंग, पन माडीवर नको, खालीच नीज.

तेव्हा खाली खाट टाका. पंचवीस तारखेला, सोमवारी, दुपारच्या मोटारीने येते. उतरवून घ्यायला लटारूला धाडू नका, तुम्ही या. राग गेला का, असे मात्र मला विचारू नका. तो गेलेला नाही. तो घेऊनच येते, कारण आईची आठवण काढायला मला तुमच्याशिवाय माणूस नाही.

लोभ असावा असे या खेपेस लिहीत नाही. आहे, म्हणूनच निघते.

तुमची लेक,
प्रेमिला