म्हणून आपण प्रार्थना करू या

प्रिय लूर्डस,

तू दोनदा दारात येऊन गेलीस आणि दोन्ही वेळा मी झोपेचं सोंग घेतलं, हे तुला कळलंच असेल. मला सोंगं कधी जमली नाहीत. पण समोर बसलो असतो तर माझा आवाज चढला असता, तू रडली असतीस, आणि तुझे डोळे पुसता पुसता मूळ गोष्ट राहून गेली असती. आपलं लहानपणापासून हेच चालत आलंय. म्हणून तुझ्या-माझ्या घरांच्या मध्ये फक्त विहीर आणि शेजारच्या क्लिफर्डची केळी असतानाही हे पत्र लिहिते आहे.

शाळेतली बाजू तुला ठाऊक नाही, ती आधी सांगते. आपल्या आळीतल्या सेलिनची मुलगी प्रिन्सी माझ्या नववीच्या वर्गात आहे, तुला माहीतच आहे. एका मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दाराशी नुसती घोटाळत होती. मी तिला बाहेर नेलं. मग वॉटरबॅगचा पट्टा पिळत तिने सांगितलं, की व्हॅनवाला आरशाखाली मोबाइल तिरका लावून मुलींचे फोटो काढतो. त्याआधी तिने एकच विचारलं होतं, "टीचर, माझं नाव कुणाला कळेल का?" मी नाही म्हटलं. त्या 'नाही'च्या भरवशावर ती पोर बोलली, लूर्डस.

आमच्या मुख्याध्यापिका विनया मॅडम. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "नुसते फोटोच ना?"  दुसरं वाक्य शाळेच्या नावाबद्दल होतं. शेवटी मी आणि सेलिन पोलिसांत जाणारच म्हटल्यावर बाईंना एकदम कर्तव्य आठवलं. व्हॅन बंद झाली, मोबाइल जप्त झाला. त्याच व्हॅनमधल्या आणखी दोघी माझ्याशी बोलायला तयार होत होत्या. मुलीचं नाव विचारू नका, असं शाळेने पालकांना कळवलं. झालं! पालकांच्या ग्रुपवर दिवसभर तेवढंच सुरू. कोणाची असेल? गावातली की बिल्डिंगमधली? एका आईने तर लिहिलं, नाव कळलं तर आपापल्या मुलींना तिच्यापासून जपता येईल. म्हणजे सांभाळून राहायचं ते त्या मुलीपासून! शिकलेली माणसं ही. नुसती किळस येते.

तरीही नाव फुटलं नव्हतं. सेलिनने ते घराबाहेर फक्त तुला सांगितलं, कारण तू प्रिन्सीची धर्ममाता. बाप्तिस्म्याला ती तुझ्या हातांत होती.

आणि मग गॉडफ्रेच्या अंगणातली ती रोझरीची प्रार्थना. सगळी आळी जमलेली. तू गुडघ्यांवर बसलीस, डोळे मिटलेस, आणि त्या गोड आवाजात म्हणालीस, "आपल्या सेलिनची मुलगी प्रिन्सी हिच्यावर शाळेच्या व्हॅनमध्ये जो प्रसंग गुदरला, त्यातून तिला बळ मिळावं, म्हणून आपण प्रार्थना करू या." सगळे म्हणाले, हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक. माझ्याही तोंडून निघालं गं! तोंडाला सवय असते, कान मागाहून ऐकतात. प्रभूने ऐकली की नाही कोण जाणे, गावाने मात्र चांगली ऐकली. चहा होईपर्यंत सेलिनभोवती घोळका जमला होता. प्रसंग म्हणजे नक्की काय गं? हातबीत लावला का? डॉक्टरला दाखवलंस का? आणि हे सगळं हातात जपमाळ धरून.

दुसऱ्या दिवशी गोखिवऱ्याहून व्हॅनवाल्याचे नातेवाईक सेलिनच्या ओटीवर हजर. मिटवून टाका म्हणाले, मुलीच्याच लग्नाला आड येईल. त्या दोघींच्या आयांनी मला फोन करून सांगितलं, आमच्या मुलींनी काही पाहिलेलं नाही. प्रिन्सी शाळेत यायची बंद झाली. साध्या कपड्यांत घरी आलेल्या पोलीसबाईंसमोर ती तोंड मिटून बसली. तिचा जबाब नसेल तर तो माणूस उद्या दुसऱ्या शाळेची व्हॅन चालवेल.

"मी वाईट मनाने केलं नाही," असं तू सेलिनला सांगितलंस म्हणे. मला माहीत आहे. वाईट मनाने केलं असतंस तर भांडून मोकळी झाले असते. पण आपल्याकडे लोकांची गुपितं हात जोडून उघडी करतात आणि वर पुण्य पदरात पाडून घेतात, याचा मला उबग आलाय. विहिरीवर बोललं की चुगली, गुडघे टेकून बोललं की भक्ती!

आणि हे तू करावंस? सातवीच्या सहलीत कळंबच्या समुद्रकिनाऱ्यावर माझा स्कर्ट खराब झाला, तेव्हा मला ओढत पाण्यात नेऊन तू स्वतःही कमरेपर्यंत भिजलीस. सिस्टरांचा ओरडा खाल्लास, लाटेने पाडलं म्हणालीस. आजतागायत कुणाला त्यातलं अक्षर कळलेलं नाही. ती मुलगी मला फार आवडायची.

आता जे सांगायला बसले ते. काल प्रिन्सी माझ्याकडे आली. शाळेत येईन म्हणाली, पोलीसबाईंशीही बोलेन म्हणाली, मी शेजारी बसणार असेन तर. मग म्हणाली, दृढीकरणाच्या विधीला बिशपांसमोर धर्ममाता म्हणून माझ्या खांद्यावर लूर्डस मावशीचा हात नको, तुम्ही उभ्या राहाल का? मी हो म्हटलं. तुझ्यासाठी मला वाईट वाटलं, तरी हो म्हटलं. फादरांना रविवारी मिस्सा झाल्यावर सांगणार आहे, म्हणजे मग ते गावालाही कळेल. तुझ्याबद्दलची गोष्ट तुला चारचौघांत कळू नये, आधी एकटीला कळावी, म्हणून हे पत्र. आणि तुला हे लिहू का, असं मी प्रिन्सीला विचारलं, ती हो म्हणाली, तेव्हाच लिहायला बसले.

रागावलेली, तरी तुझीच,
क्लेमेंटीन