एका बेस गिटारची वाटणी

मी, खाली सही करणारी, सत्तरी ओलांडलेली, अविवाहित, बेस गिटार वाजवून व दुरुस्त करून पोट भरलेली बाई, आज माझ्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत बसून हे मृत्युपत्र करून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदयाचं खात्रीने सांगता येत नाही, म्हणून तर येत्या आठवड्यात डॉक्टर ते उघडून बघणार आहेत. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. मला दडपणारं माणूस अजून जन्माला यायचं आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. मी सांगते तसं वकीलबाई लिहून घेत आहेत. मध्येच काही बोलले तर तेही लिहा, असं मी बजावलं. त्यांनी कपाळाला हात लावला, पण लिहीत आहेत.

कलम एक. राहतं घर, त्यातल्या सामानासह, माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला द्यावं. तिचा बाप माझ्याशी बोलत नाही, तरी ही पोर दर रविवारी येते, "आत्या, गोळ्या घेतल्यास का?" म्हणून डोळे वटारते आणि मी खोटं बोलले तर डबी उघडून मोजते. हिच्यामुळे मी एकटी पडले नाही. न्हाणीघराच्या खिडकीची कडी जरा उचलून धरल्याशिवाय लागत नाही, हे तिने लक्षात ठेवावं.

कलम दोन. बँकेतल्या शिलकीतून आधी दवाखान्याचं बिल भागवावं, उरेल ते भाचीचं. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. मी गेल्यावर हॉटेलातल्या बँडचा तो फोटो कोणी भिंतीवर लावू नये. त्यात मी ड्रमच्या झांजेच्या मागे अर्धीच दिसते.

कलम तीन. हत्यारं: सोल्डरिंग आयर्न, गिटारीच्या दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, घासायच्या कानशी, आणि पिकअपवर, म्हणजे तारांचा कंप पकडणाऱ्या चुंबकावर, बारीक तार गुंडाळायचं हातचक्र, जे मी शिवणयंत्राच्या चाकापासून बनवलं. ही ज्याला कामाची हौस आहे त्याला द्यावी. मात्र आधी विचारावं, की जुन्या पिकअपची तार तुटली तर काय करशील? "नवीन बसवेन" म्हणाला, तर चहा पाजून वाटेला लावावं.

कलम चार. लय मोजून देणारा माझा मेट्रोनोम आमच्या बँडच्या ड्रमरला. बिचारा जन्मभर माझ्या पुढे पळाला. स्वभावाने देवमाणूस, म्हणून निभावलं.

कलम पाच. आता मुद्द्याचं. कपाटात मऊ कापडात गुंडाळलेली एका बेस गिटारची नेक आहे. नेक म्हणजे मान: मेपलच्या लाकडाचा दांडा आणि त्यावर बोटांनी तारा दाबायची शिसवी पट्टी, म्हणजे फिंगरबोर्ड. या बेसवर कंपनीने थोडीच वर्षं शिसवीची जाड फळी चिकटवली, जिची खालची बाजू सपाट असायची. पुढे काटकसर म्हणा की अक्कल म्हणा, पातळ, खालून गोलाई दिलेली पट्टी बसवायला लागले. आमची जाड फळीची आहे. त्याने आवाजात फरक पडतो का, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. मी दोन्ही वाजवल्या आहेत, पडतो.

ही नेक ज्या बॉडीची, ती माझ्या धाकट्याकडे आहे. पिकअपही तिच्यावरच. एकच, पण दोन तुकड्यांत कापलेला: दोन जाड तारांखाली एक तुकडा, दोन बारीक तारांखाली दुसरा, जरा सरकवून. तो बेस आम्ही तरुणपणी दोघांत मिळून घेतला होता. दिवसा धाकटा स्टुडिओत वाजवायचा, संध्याकाळी मी हॉटेलात. पुढे स्टुडिओवाल्यांना ब्रिजजवळ, म्हणजे तारा बॉडीला बांधतात तिथे, दुसरा पिकअप असलेल्या बेसचा टोकदार आवाज आवडायला लागला. एके दिवशी मी कामावर जायला बेसची पेटी घ्यायला आले, तर हा पटाशी घेऊन बसलेला, ब्रिजजवळ हा एवढा खड्डा आणि मांडीभर भुसा.

"ताई, एक पिकअप वाढवतोय फक्त. तुझा आहे तो तसाच राहील."

"आणि मला विचारायला तुझी जीभ झडली होती?"

"अर्धा बेस माझा आहे," तो म्हणाला.

"बरं," मी म्हणाले आणि स्क्रूड्रायव्हर घेतला. नेक बॉडीला चार स्क्रूंनीच धरलेली असते. ते काढून त्याच्या पुढ्यात टाकले, नेक काखेत मारली आणि घर सोडलं. "हा घे तुझा अर्धा," हे आमचं शेवटचं बोलणं.

चूक कोणाची, असं वकीलबाईंनी आत्ताच विचारलं. त्याची. लिहा.

मी ती नेक दुसऱ्या बॉडीवर चढवून जन्म काढला. सूर लागायचा, पण जाड तारेचा तो गुबगुबीत आवाज पुन्हा कधी निघाला नाही. गेल्या रविवारी भाची बोलता बोलता सांगून गेली, की बाबांनी त्यांच्या बॉडीला दुसरी नेक कधी लावलीच नाही. पलंगाखाली तशीच आहे. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही.

तर ही नेक माझ्या पश्चात धाकट्याला द्यावी. नको म्हणाला तरी द्यावी, दारात ठेवून यावं. आधी कोणी बोलायचं यावर आम्ही दोघंही अडून बसलो, आणि आता दिवस थोडे आहेत. मला त्याची फार आठवण येते. हेही लिहा.

(इथून पुढे घडलं तसं लिहावं, असं मी वकीलबाईंना सांगितलं आहे.)

बाईंनी कलम पाच मोठ्याने वाचून दाखवलं आणि दारातून आवाज आला, "मेल्यावर देणार होय? आणि ऑपरेशनमधून वाचलीस तर? मी काय तुझ्या मरणाची वाट बघत बसू?"

धाकटा. सगळे केस पांढरे. भाचीने ऑपरेशनचं सांगितल्यावर तिला इथे सोडायच्या निमित्ताने आला होता आणि खाली थांबवेना म्हणून जिना चढला होता. हातात बेसची ती पेटी.

"उभा काय राहिलास, बस," मी म्हणाले.

त्याने पेटी उघडली. ब्रिजजवळचा खड्डा लाकडाचा तुकडा बसवून बुजवलेला होता, इतका बेमालूम की मला बोट फिरवून शोधावा लागला.

"हा कधी बुजवलास?"

"तू गेलीस त्याच आठवड्यात."

"मग सांगायचं नाही, मेल्या?"

"आलो होतो. तू दार कुठे उघडलंस!"

भाचीने कापड सोडून नेक आणली. त्याने धरली, मी तीन स्क्रू पिळले. शेवटचा त्याने पिळला. तारा चढवल्या. अ‍ॅम्प्लिफायर मी केव्हाच विकला आहे, म्हणून बॉडीवर हनुवटी टेकवली आणि त्याला म्हटलं, वाजव. त्याने जाड तार छेडली. आवाज हाडातून थेट डोक्यात आला. तोच होता. मी लहान मुलीसारखी रडले, आणि तोही.

म्हणून कलम पाच खोडावं. नेक मी आज, हयातीत, माझ्या हाताने त्याला दिली. मागे ठेवायला ती माझ्याकडे उरली नाही. वाचता येईल इतपतच खोडावं. बाजूला माझी सही आहे.

साक्षीला शेजारचे शिंपी आले. दुसरे औषधवाले यायचे होते, त्यांना दुकान सोडता येईना. भाची पुढे झाली, तर वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं, त्याची साक्ष नको."

धाकट्याने विचारलं, "मला या कागदात काय मिळतं?"

बाईंनी पानं चाळली. "आता काहीच नाही."

"मग द्या ते पेन," तो म्हणाला.

ठिकाण: माझ्या घराची पुढची खोली.
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा रविवार, दुपार.

लिहून ठेवणारी: (सही) मोठी बहीण

साक्षीदार पहिला: (सही) शेजारचा शिंपी. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरा: (सही) धाकटा भाऊ. सही माझ्यासमोर झाली. वाकडी आली आहे, त्यावर कोणी हरकत घेऊ नये. लिहून ठेवणारीला मी माझ्या जन्मापासून ओळखतो.