टवक्यांचं टेबल आणि माझे समभाग

मंगळवार, दिनांक ४ मार्च २०२५ रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, आमच्या पहिल्या दुकानाच्या मागच्या अंगणात, माझ्या डोळ्यांदेखत एका यंत्राने चांगल्या कपबशांचा चुरा केला. त्या क्षणापर्यंत मृत्युपत्र करण्याचा माझा विचार नव्हता. आता आहे.

सबब मी, खाली सही करणारी, वय वर्षे एक्क्याऐंशी, अविवाहित, पूर्वीचा धंदा दुकानदारी, सध्या निवृत्त, असं लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी तो सांगितला, आणि त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर गेल्या महिन्याचं आहे हेही सांगितलं. दाखला लगेच मिळाला. हे मृत्युपत्र मी स्वखुशीने करत आहे. 'खुशी' हा शब्द वकिलांचा. मी रागाने करत आहे, पण राग माझा स्वतःचा आहे, कुणी भरवलेला नाही. वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात राग लिहीत नाहीत." मी म्हटलं, "मग कुठे लिहू? शोकसभेत मला बोलू देणार आहात?" त्यांनी खोडायला उघडलेलं पेन पुन्हा बंद केलं.

वाचणाऱ्याने कंटाळा करू नये. स्वस्त किरकोळ वस्तूंची आमची दुकानं आज एकशे चाळीस आहेत. त्यांच्या कंपनीत माझ्या भाच्याचे समभाग निम्म्याहून थोडे कमी, बाहेरच्या भागीदारांचे जवळजवळ तेवढेच, आणि मधले माझे. ते कुणाला जातात त्यावर कंपनी कुणाची राहते हे ठरेल. पण ते कलम सातमध्ये. आधी घर.

एक. माझं राहतं घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, हे माझ्या भावजयीला द्यावं. ती "मला नको" म्हणेल. तरी द्यावंच. लग्न ठरण्याआधी ती आमचं दुकान बघायला आली होती आणि दारातूनच आपल्या आईला म्हणाली होती, "भंगारवाल्याच्या गळ्यात मला बांधताय का?" मी ते ऐकलं, आणि ऐकलं हे तिलाही कळलं. पुढे सगळा संसार तिने त्याच भंगारातल्या बशांवर केला आणि फार नेटका केला, हेही लिहून ठेवते. हल्ली मुलाच्या मोठ्या घरात तिला घोटभर चहा हवा असला तर स्वयंपाकिणीची वेळ बघावी लागते. इथे तिने आपला चहा आपण करावा. गॅस डाव्या हाताला आहे, आणि सकाळी खिडकीतून थेट ओट्यावर ऊन येतं.

दोन. बँकेतली शिल्लक माझ्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना. इतकी वर्षं माझं बोलणं ऐकलं, त्याचा हा भत्ता.

तीन. हत्यारं. लाकडी पेटीतली पक्कड, हातोडी आणि पेट्या उघडायची पहार ज्याला हवी त्याने न्यावी. त्याच पेटीत फडक्यात गुंडाळलेला धार लावायचा दगड आहे, झिजून मधोमध खोलगट झालेला. तो भाच्याला. तो कशाने झिजला हे त्याला ठाऊक नाही, कारण कंपनीच्या माहितीपत्रकात आमची सुरुवात 'एका स्वप्नातून' झाली असं छापलं आहे. सुरुवात या दगडातून झाली.

माझा भाऊ, म्हणजे भाच्याचे वडील, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तो चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात पेट्या भरायच्या कामावर होता आणि मी एका कचेरीत इंग्रजी पत्रं टाइप करत होते. आईवडील गेलेले, घरात आम्ही दोघंच. एका संध्याकाळी तो आला आणि जेवेना.

"ताई, आज दिवसभर मी कप फोडले."

कारखान्याच्या मागे खड्डा होता. ज्या कपाचा टवका उडाला, ज्या बशीच्या काठावर रंग ओघळला, ते सगळं तिथे टाकून हातोड्याने फोडायचं, असा मालकांचा हुकूम होता.

"कान धड, बूड धड, नुसता एक निळा ठिपका भलत्या जागी!" तो म्हणाला. "आणि आपण दोघं एका कपात आळीपाळीने चहा पितो."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी मालकांकडे गेले. शाळेत नन्सनी मला तीन गोष्टी शिकवल्या: इंग्रजी, शिवणकाम आणि खुर्चीत ताठ बसणं. त्यातली तिसरी जन्मभर सर्वांत उपयोगी पडली. मालक म्हणाले, "बाई, माझं नाव असलेला फुटका कप मला कुणाच्या घरात दिसता कामा नये."

"मग आम्ही नाव काढून नेतो."

"कसं काढणार?"

"घासून."

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. पण पहिल्या पेट्या त्यांनी जवळजवळ फुकट दिल्या. मग कित्येक महिने कामावरून आलं की आम्ही जमिनीवर बसून, दगड मध्ये घेऊन, कपांच्या बुडावरचं कारखान्याचं चिन्ह घासत असू. त्या आवाजाने दात आंबायचे. पेट्यांतल्या गवताचा कोरडा वास खोलीभर असायचा. पांढरी धूळ केसांवर, भुवयांवर बसायची. भाऊ माझ्याकडे बघून म्हणायचा, "ताई, म्हातारी झालीस की अश्शी दिसशील." आता रोज आरशात बघते. त्याचा अंदाज बरोबर होता. तो मात्र स्वतः म्हातारा व्हायला थांबला नाही.

चार. दार. माझ्या घरी ज्यावर मी जेवते ते टेबल नसून दार आहे. बाजूला अजून कडी आहे, ती हलवू नये.

आमचं पहिलं दुकान म्हणजे शिंपी आणि घड्याळदुरुस्तीवाला यांच्यामधली अरुंद फट. काचेची कपाटं परवडत नव्हती, म्हणून पाडलेल्या इमारतीतली चार जुनी दारं आणली आणि खोक्यांवर आडवी टाकली. त्या वेळी दुकान म्हटलं की पुढे गल्ला, गल्ल्यामागे दुकानदार, त्याच्यामागे माल, आणि गिऱ्हाईक बिचारं बाहेर. दुकानदाराने "काय हवं?" असं विचारलं की ज्याला काय हवं हेच माहीत नाही तो गुपचूप घरी जातो. आमच्याकडे कुणी विचारतच नसे. माल दारांवर पसरलेला, या, हाताळा, उलटापालटा करा. कपबशांशेजारी हळूहळू केसांच्या पिना आल्या, चहाच्या गाळण्या, कपडे वाळत घालायचे चिमटे, मेणबत्त्या, खिशातले आरसे, पत्र्याचे भोंगे. सगळ्याला एकच नाणं. लोक त्याला मोठी युक्ती म्हणतात. खरं कारण असं की भावाचं गणित कच्चं होतं.

हॉस्पिटलच्या नर्सेस पगाराच्या दिवशी घोळक्याने येत, तासभर घालवत आणि एक कंगवा घेऊन राण्यांसारख्या बाहेर पडत. शिंप्याची बायको दर शनिवारी येऊन सगळ्या वस्तूंना हात लावून जाई. एकदा मी विचारलं, "काही हवंय का, वहिनी?" तर म्हणाली, "छे हो, नुसती विचारपूस करायला आले." मालाची विचारपूस! भाऊ आठवडाभर हसत होता.

दुसरं दुकान हॉस्पिटलसमोर, तिसरं बसच्या आगाराशी, आणि मग मोजणं सुटलं. जाहिरात कधी केली नाही. नवीन वस्तीत दुकान काढायचं तर भाऊ आधी तिथल्या थांब्यावर उभा राहून बायकांच्या हातातल्या पिशव्या बघायचा. ज्या ठिकाणी पिशव्या शिवून शिवून वापरलेल्या दिसत, तिथे जागा घ्यायची. ही पद्धत एकदाही चुकली नाही. आता त्यासाठी कंपनीत वेगळा विभाग आहे, आणि तो विभाग बसने जात नाही.

एक नियम त्याने प्रत्येक दुकानाला घातला: आत शिरताना पहिलं टेबल टवक्यांचं. एका नाण्याला दोन नग. घरातली बशी फुटून एकटा पडलेला कप घेऊन बायका तिथे येत आणि त्याला जोड शोधत. पहिल्या दुकानात या टेबलावर ज्या बसत त्यांना सगळे जोडीवाल्या बाई म्हणतात. त्यांच्यासमोर उभं राहून ऐकावं.

"बाई, माझ्या कपाला बशी मिळेल का?"

"कप कुठाय?"

"घरी आहे. हिरव्या काठाचा आहे."

"घरी ठेवून कसं जमायचं? नवरामुलगा बघितल्याशिवाय मी मुलगी दाखवत नाही."

कडीचं हे दार जोडीवाल्या बाईंना द्यावं. मालमोजणीच्या दिवसांत भाच्याला, तो तान्हा असताना, याच दारावर टॉवेल अंथरून झोपवलेलं आहे. एका बाजूला चिमट्यांचे गठ्ठे, दुसऱ्या बाजूला आरसे, आणि मध्ये हा. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने त्याचीही किंमत विचारली होती. भाऊ म्हणाला, "आजोबा, याचा टवका उडालेला नाही, म्हणून महाग आहे."

पाच. शिडी. ती शेजारचे निवृत्त मास्तर 'पाच मिनिटांसाठी' घेऊन गेले त्याला वर्षं लोटली. ती त्यांनाच दिली असं समजावं. अट एकच: मला पोचवायला त्यांनी यावं, आणि वेळेवर यावं.

सहा. झालेला अन्याय. ४ मार्चला मी माझ्या किटलीला झाकण शोधायला पहिल्या दुकानात गेले. टवक्यांचं टेबल जागेवर नव्हतं. तिथे गिऱ्हाइकाने स्वतःच पैसे भरायचं यंत्र होतं, आणि शेजारी जोडीवाल्या बाई लोकांना बटण दाखवत उभ्या होत्या. मला बघून हळूच म्हणाल्या, "मोठ्या बाई, हे सारखं म्हणतं, वस्तू पिशवीत ठेवा. ठेवली तरी म्हणतं. अगदी माझ्या सासूसारखं!" मग त्यांनी हसणं थांबवलं आणि मानेनेच मागचं दार दाखवलं.

मागे गळ्यात ओळखपत्र घातलेला शाखाप्रमुख उभा होता.

"मॅडम, गिऱ्हाइकांना इकडे परवानगी नाही."

"मी गिऱ्हाईक नाही."

"मग आपण कोण?"

"घरमालकीण."

त्याने धावत जाऊन खुर्ची आणली. शेजारचं चुरा करणारं यंत्र मात्र थांबवलं नाही. पिवळ्या फुलांच्या बशा होत्या, काठाला नखभर टवका. तो म्हणाला, "वरून धोरण आलंय, मॅडम."

मी तिथूनच वरती फोन लावला. वरती म्हणजे भाचा.

"आत्या, तू उन्हाची तिकडे गेलीसच कशाला?"

"माझ्या किटलीला झाकण नाही. तू बशा का फोडतोयस?"

"अगं, एका गिऱ्हाइकाचा ओठ कापला. नोटीस आली."

"ओठ कापेल तो कप आम्हीही टेबलावर ठेवत नव्हतो. काठावरून बोट फिरवून बघायचो. तुझ्या एकशे चाळीस दुकानांत बोट कुणालाच नाही का?"

"तेवढंच नाही. आपलं नाव असलेला फुटका कप लोकांच्या घरात दिसणं बरं नाही, आत्या."

त्या कारखानदाराला भाच्याने कधी पाहिलं नाही. ते वाक्यही त्याला मी कधी सांगितलं नव्हतं. ते त्याने स्वतःच्या अकलेने शोधून काढलं.

"आमचं सगळं त्यावरच उभं राहिलं, बाळा."

"तुमच्या काळात ठीक होतं. आता गरिबांनाही चांगलंच हवं असतं."

हे वाक्य मूर्खाचं नाही, म्हणून मी त्यावर आठवडाभर विचार केला. माझं उत्तर असं आहे: हवं असतं, हे खरं. मग त्यांनाच ठरवू दे. टेबलावर ठेव, बघू दे, उलटं करू दे, नको तर नको म्हणू दे. तू आधीच चुरा केलास तर त्यांनी ठरवायचं कशावर?

सात. समभाग आणि पहिल्या दुकानाची जागा. या दोन्हींचं पुढीलप्रमाणे करावं.

(अ) बशा फोडणारं ते यंत्र बंद केलं आणि प्रत्येक दुकानात दारातलं पहिलं टेबल पुन्हा टवक्यांचं केलं, असं भाच्याने खाली दिलेल्या मुदतीत लेखी कळवलं आणि तसं केलं, तर दोन्ही त्याला. कंपनी त्याच्याच हाती राहील, आणि राहावी अशी माझी इच्छा आहे. तो कष्टाळू आहे. अंगात बाप आहे, पण तो सध्या सुट्टीवर गेलेला दिसतो.

(आ) तसं न झाल्यास या दोन्ही गोष्टी आमच्या सगळ्या दुकानांतल्या कर्मचाऱ्यांच्या सहकारी संस्थेला. मग भागीदारांशी बैठकीत बोलायला जोडीवाल्या बाई जातील. मला भागीदारांची दया येते.

आठ. या मृत्युपत्राचा अंमल माझ्या वकिलांनी करावा. यातली एकही ओळ त्यांनी 'अनावश्यक' म्हणून गाळू नये.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला आणि त्यांच्यासमक्ष सही केली. वाचताना दोघांपैकी एक रडला. कोण ते सांगणार नाही.

सही: (मोठ्या बाई)

साक्षीदार पहिले: पहिल्या दुकानाशेजारचे शिंपी. सही.
साक्षीदार दुसरे: आमचे निवृत्त कॅशियर. सही.

ठिकाण: माझं राहतं घर
दिनांक: बुधवार, १२ मार्च २०२५

प्रत: भाच्याला, हातोहात, पोच घेऊन.

बाळा, हे तू मी गेल्यावर वाचायचं असतं. पण मी काही इतक्यात जात नाही, आणि तोवर त्या यंत्रात फार माल जाईल. म्हणून आत्ताच पाठवत आहे. तुझं लेखी उत्तर शुक्रवार, दिनांक २८ मार्च २०२५, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. फोन चालणार नाही. तुझ्या सेक्रेटरीची सही चालणार नाही. "बघू, आत्या" हे उत्तर धरलं जाणार नाही. 'हो' असेल तर एक ओळ पुरे. 'नाही' असेल तर कारण लिही, आणि ते असं लिही की जोडीवाल्या बाईंच्या तोंडावर तुला मोठ्याने वाचता येईल. उत्तर घेऊन स्वतः आलास तर चहा मिळेल. पाचनंतर आलास तरी चहा मिळेल. समभाग मिळणार नाहीत.